धरणाखालची गावं: शहरांवरच्या बॉम्बफेकीचा प्रश्न वर्गात आला तेव्हा

पार्श्वभूमी

सांगलीपासून थोड्या अंतरावर, कृष्णाकाठच्या एका गावात आमचं ज्युनिअर कॉलेज आहे. गावाचं आणि कॉलेजचं नाव देत नाही. माणसं ओळखू येतील असे तपशीलही बदलले आहेत. मी तिथे इतिहास शिकवते आणि वादविवाद मंडळाचं काम बघते. हे प्रकरण २०२५ च्या जुलै-ऑगस्टमधलं आहे. त्यात माझे निर्णय आहेत, माझ्या चुकाही आहेत.

दरवर्षी ६ ऑगस्टला आमच्याकडे हिरोशिमा दिन होतो. सकाळी सव्वाआठला, म्हणजे १९४५ मध्ये बॉम्ब पडला त्या वेळेला, दोन मिनिटं शांत उभं राहायचं. भिंतीवर पोस्टर, दोरीला कागदी पक्षी, एक भाषण, संपलं. आजवर कुणी त्यावर प्रश्न विचारला नव्हता, कारण प्रश्न पडावा असं आम्ही त्यात काही ठेवलंच नव्हतं. "युद्ध वाईट" यावर कोण वाद घालणार?

२०२५ हे ८० वं वर्ष. म्हटलं, यंदा पोस्टर नको, वाद होऊ दे. विषय मीच लिहिला: "युद्धात शत्रूच्या शहरांवर बॉम्बफेक करणं कधीही समर्थनीय नाही." जूनच्या शेवटी सूचना फलकावर लावला. एकवीस नावं आली. एरवी आठ मिळवताना दमछाक होते.

आमचा भाग फौजेचा आहे, हेही इथे सांगायला हवं. सातारा-सांगलीत दर दोन-चार घरांआड कुणी तरी सैन्यात आहे नाही तर होतं. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. बारावीच्या वर्गातल्या सात जणांचे वडील किंवा भाऊ तेव्हा नोकरीवर होते, त्यातले तिघे सीमेलगत. एप्रिलमध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, ७ मे ला ऑपरेशन सिंदूर झालं, १० मे ला गोळीबार थांबला. त्या चार दिवसांत या घरांमधले फोन कसे वाजत होते आणि कसे वाजत नव्हते, हे मी पाहिलं होतं. तरी विषय लावताना मला हा विचार सुचला नाही. माझ्या डोक्यात १९४५ होतं, मुलांच्या डोक्यात मे महिना.

अडचण

प्राथमिक फेरी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. एक मुलगा विषयाच्या विरोधात बोलायला उभा राहिला. आवाज खणखणीत, तयारी चांगली. शेवटी म्हणाला, "एका रात्रीत कराची बेचिराख करा, पुढची पन्नास वर्षं कुणी वाकड्या नजरेनं बघणार नाही." बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या.

त्याच्यानंतर एक मुलगी विषयाच्या बाजूने बोलली. तिने शिवाजी महाराजांचं १६७३ चं पत्र सांगितलं. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराला महाराजांनी ताकीद दिली होती की रयतेच्या दाण्या-भाजीला हात लावू नका, नाही तर लोक म्हणतील मोगल बरे. मागून एकजण ओरडला, "ते आपल्या रयतेसाठी होतं, शत्रूच्या नाही!" मुद्दा चुकीचा नव्हता. पत्र खरोखरच स्वराज्यातल्या रयतेबद्दल आहे. ती अडखळली, सावरली, आणि म्हणाली, "पूंछमध्ये तोफगोळ्यांनी आपली लेकरं मेली तेव्हा आपण रडलो. तिकडची लेकरं काय दगडाची असतात का?" त्यानंतर तिचं पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. मी घंटा वाजवली आणि फेरी पुढे चालू ठेवली.

तो पहिला निर्णयाचा क्षण होता, आणि मी तो हातचा घालवला. त्याच वेळी थांबून वर्गाशी बोलायला हवं होतं. मला वाटलं, वादविवादात दंगा होतोच.

रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलीला "पाकिस्तानात जा" पासून सुरुवात झाली आणि पुढे जे लिहिलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला ते चौथ्या दिवशी कळलं. तिचे वडील कॉलेजात आले तेव्हा. गावात त्यांचं छोटं दुकान आहे. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पोरीचं नाव काढा. तिला बोलायला तुम्ही शिकवलं, पण गावात राहायचं मला आहे."

त्याच दिवशी दुपारी दुसरे पालक आले. त्यांचा थोरला मुलगा जम्मूकडे होता. त्यांचंही बरोबरच होतं. "आमचं पोरगं तिथं छातीवर घ्यायला उभं आहे आणि तुम्ही इथं पोरास्नी शिकवताय की बॉम्ब टाकणारा पापी?" मी त्यांना सांगितलं की ७ मे च्या पहाटे आपल्याच अधिकाऱ्यांनी देशासमोर सांगितलं होतं, लक्ष्यं निवडताना नागरी वस्तीचं नुकसान आणि माणसांचे जीव टाळण्याची काळजी घेतली. म्हणजे हा प्रश्न फौजेच्या विरोधातला नाही, फौज स्वतःलाच विचारते तो आहे. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं म्हणणार नाही.

समोर असलेले पर्याय

प्राचार्य सरांनी स्टाफरूममध्ये बैठक घेतली. त्यांना सरळ रद्द करायचं होतं. पावसाचं कारण द्या, सहा तारखेला पाऊस असतोच, म्हणाले. हा सगळ्यात सोपा मार्ग होता आणि त्यात कुणाचं उघड नुकसान नव्हतं. पण रद्द केलं की त्या मुलीला जे लिहिलं गेलं त्यावर आम्ही शिक्का मारल्यासारखं होणार होतं. तिने प्रश्न विचारला आणि कार्यक्रम बंद पडला, एवढंच वर्गाच्या लक्षात राहणार.

विषय बदलावा असं दोघांचं मत होतं. एका सहकाऱ्याने प्रामाणिकपणे विचारलं, "हा जपान-जर्मनीचा विषय. आपला काय संबंध?" तेव्हा मी थोडी चिडून बोलले, पण जे सांगितलं ते खरं होतं. १४ एप्रिल १९१९ ला, जालियनवाला बागेच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटिश विमानांनी गुजरांवाला आणि आसपासच्या गावांवर बॉम्ब टाकले, लोकांवर मशीनगन चालवली. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले, त्याच डिसेंबरात कलकत्त्यावर. १९६५ मध्ये जोधपूरच्या तुरुंगावर बॉम्ब पडून कैदी मेले. वरून बॉम्ब पडतो तेव्हा खाली असणं आपल्याला नवीन नाही. आणि जर्मन शहरांवरच्या बॉम्बफेकीचा सेनापती आर्थर हॅरिस हा १९२० च्या दशकात वायव्य सरहद्दीवर आणि इराकमध्ये विमानदलात होता. बंडखोर टोळ्यांना वठणीवर आणायला त्यांच्या गावांवर बॉम्ब टाकायचे, ही त्या काळातली रीतच होती.

तिसरा पर्याय होता वादविवाद तसाच घ्यायचा, फक्त शिस्त कडक. यात मला धोका दिसत होता. वादविवादाचा साचाच असा की मुलगा एका बाजूला उभा राहिला की त्याला ती बाजू शेवटपर्यंत ओढावी लागते, आणि टाळ्या टोकाच्या वाक्याला मिळतात. शिवाय माझ्या विषयात "कधीही" हा शब्द होता. त्या एका शब्दाने मधली सगळी जागा बंद केली होती. हे मला पहिल्यांदा त्या बैठकीत दिसलं.

बाहेरच्या वक्त्याचं व्याख्यान ठेवावं असंही निघालं. मुलं ऐकतात, टाळ्या वाजवतात, विसरतात. ते मी नको म्हटलं.

शेवटी ठरलं ते असं: बाजू नाहीत, निकाल नाही, ढाल नाही. मुलांचे चार गट करायचे आणि प्रत्येकाला एका खऱ्या बॉम्बफेकीची फाइल द्यायची. त्या दिवशी निर्णय घेणाऱ्याला काय माहीत होतं तेवढंच फाइलीत. मग त्यांनी ठरवायचं, हो की नाही, आणि कारण लिहायचं. सर तयार झाले, एका अटीवर: गावातला कुणी तरी माजी सैनिक सभागृहात हवा.

काय केलं

अट मला आधी आवडली नव्हती. पण गावातल्या निवृत्त सुभेदारांकडे गेले. वय पंचाहत्तरच्या पुढे, १९७१ ला पूर्व आघाडीवर होते. ओसरीवर बसून त्यांनी फाइलीचा नमुना सावकाश वाचला. शेवटच्या पानावर मी दोन प्रश्न छापले होते. तुम्हाला नेमकं काय उद्ध्वस्त करायचं आहे? त्याच्या आसपास कोण राहतं?

चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, एक प्रश्न कमी हाय. नाही मारलं, तर त्याची किंमत कोण देणार?"

मी तिथेच पेनाने तिसरा प्रश्न लिहिला. या साऱ्या प्रकरणात कुठला एक निर्णय योग्य होता असं विचारलं तर मी हाच सांगेन, आणि तो माझा नव्हता.

चार फाइली अशा होत्या. पहिली हॉलंडमधल्या रॉटरडॅमची, १४ मे १९४०, जर्मन बाजूने. दुसरी ब्रिटिश विमानदलाच्या बॉम्बर कमांडची, दोन तारखांची: १९४१ चा शरद आणि फेब्रुवारी १९४५. तिसरी जर्मनीतल्या म्योने धरणाची, मे १९४३. चौथी हिरोशिमा आणि नागासाकीची.

गट मी पाडले. त्या मुलीला दुसऱ्या गटात घातलं. तिच्या वडिलांनी दोन दिवसांनी "बसू दे तिला, पण स्टेजवर नको" एवढी परवानगी दिली होती. कराचीवाल्या मुलाला मी धरणाच्या गटात घातलं. चिठ्ठ्या टाकून नाही, ठरवून. त्याचं घर पूररेषेत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढलं, धोक्याची पातळी पंचेचाळीस असताना. त्या वेळी तो अकरा वर्षांचा होता आणि दीड दिवस शेजाऱ्यांच्या स्लॅबवर होता. मला हे माहीत होतं. याबद्दल पुढे लिहिते.

ग्रुपवरच्या शिवीगाळीचं वेगळं बघावं लागलं. पाच मुलांच्या पालकांना बोलावलं. दोघांनी लेखी माफी मागितली. एका पालकांनी मलाच सुनावलं की मोबाईल घरचा आहे, कॉलेजचा नाही.

सहा ऑगस्ट

सव्वाआठला दोन मिनिटं उभे राहिलो आणि कामाला लागलो.

रॉटरडॅमचा गट पंधरा मिनिटं नुसता बसून होता. "आम्ही नाझी नाही, आम्ही का ठरवायचं?" मी म्हटलं, त्या दिवशी विमानात बसलेल्यालाही कुणी तरी हाच हुकूम दिला होता. मग वाचायला लागले. शहरात डच सैन्य अडून बसलेलं, शरणागतीची बोलणी चालू, आणि बोलणी चालू असतानाच विमानं येऊन पोहोचली. शहराचा मध्यभाग जळाला, आठशेहून जास्त माणसं मेली, सुमारे ८०,००० बेघर झाली. मग युट्रेक्टवरही असाच हल्ला होईल अशी धमकी आली आणि हॉलंडने शस्त्रं खाली ठेवली. मुलं गडबडली ती इथे. बॉम्बफेकीने काही साधत नाही, उलट लोक चिवट होतात, असं मी वर्गात शिकवलं होतं. लंडनबाबत ते खरं आहे. १९४०-४१ मध्ये ब्रिटनमध्ये ४०,००० हून जास्त नागरिक मेले तरी देश मोडला नाही. पण रॉटरडॅमला साधलं. एका मुलाने कागदावर लिहिलं, "चाललं म्हणून बरोबर होतं असं नाही. पण चालत नाही असं सांगून सुटका पण होत नाही." मी आता वर्गात ते वाक्य वेगळं शिकवते.

दुसऱ्या गटात ती मुलगी बोलेल की नाही याची मला काळजी होती. १९४१ च्या शरदातलं चित्र फाइलीत असं होतं: फ्रान्स पडलेला, युरोप हिटलरच्या हातात, जर्मन फौजा रशियात खोलवर, ब्रिटनकडे जर्मनीवर थेट वार करायला बॉम्बर विमानांशिवाय हत्यार नाही. आणि त्याच ऑगस्टमध्ये सरकारच्या स्वतःच्या पाहणीत निघालं की हल्ला केल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश लक्ष्याच्या पाच मैलांत पोहोचत होती. रात्रीच्या अंधारात कारखाना सापडत नाही, शहर सापडतं. म्हणून १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात लक्ष्य बदललं: शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कारखान्यांतल्या कामगारांचं मनोधैर्य. सरळ भाषेत, त्यांची घरं.

सगळ्यांना वाटलं ती "नाही" म्हणणार. तिने "हो" लिहिलं. फक्त १९४१ साठी. तिचं म्हणणं असं की हिटलर जिंकला असता तर छळछावण्या अख्ख्या युरोपभर पसरल्या असत्या, आणि दुसरा मार्ग खरोखरच नव्हता. पण खाली तिने लिहिलं होतं, "हे पाप आहे हे माहीत असून मी हो म्हणते. पाप नाही असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणेन." गटात तीन विरुद्ध दोन झालं. फेब्रुवारी १९४५ ला मात्र पाचही जणांनी नकार दिला. जर्मनी कोसळत आलेला, लक्ष्य होतं ड्रेस्डेन शहर, पूर्वेकडून पळून आलेल्या निर्वासितांनी भरलेलं. तिथे २५,००० पर्यंत माणसं मेली आणि तीन महिन्यांच्या आत युद्ध संपलं. तिने विचारलं, "मॅडम, दुसरा मार्ग नाही म्हणून सुरू केलं होतं ना? मग मार्ग झाल्यावर थांबवलं का नाही?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. यंत्रणा उभी राहते, कारखाने बॉम्ब बनवत राहतात, वैमानिक तयार होत राहतात, आणि उद्याचा हल्ला कालच्यासारखाच दिसतो. त्या वैमानिकांबद्दलही फाइलीत होतं: बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख माणसांपैकी ५५,००० हून जास्त परत आले नाहीत. जम्मूला मुलगा असलेल्या त्या पालकांसाठी मी ते मुद्दाम घातलं होतं. ते मागच्या रांगेत येऊन बसले होते.

हिरोशिमाच्या गटाचा वेळ संपला. लढाई लांबली असती तर किती मेले असते, याच आकड्यात ते अडकले. नागासाकीवर बॉम्ब पडला तो कोकुरा शहर धूर-ढगांनी झाकलेलं होतं म्हणून, हे वाचून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे ढगावर ठरलं." आणि वाचन तिथेच थांबलं.

आता धरण. १६ मे १९४३ च्या रात्री १९ ब्रिटिश लँकेस्टर विमानं निघाली, पाण्यावर उड्या मारत जाणारे खास बॉम्ब घेऊन. म्योने आणि एडर ही दोन धरणं फुटली. आठ विमानं पडली, ५३ जण मेले. ब्रिटनमध्ये आजही हा पराक्रम म्हणून सांगितला जातो, आणि धाडस म्हणून तो होताच. हेतू होता ऱ्हुर खोऱ्यातल्या पोलाद कारखान्यांचं पाणी आणि वीज तोडणं.

तो मुलगा सुरुवातीला जोरात होता. "इथं शहरावर बॉम्ब नाहीच. भिंतीवर आहे. माणसं मारायची नव्हती, धरण फोडायचं होतं." शेजारी बसलेली मुलगी कवठे महांकाळकडची, दुष्काळी पट्ट्यातली. म्हणाली, "मग पाण्याला सांगणार होते का, कारखान्यातच जा म्हणून?"

फाइलीत खोऱ्याचा नकाशा होता. तो पेन्सिल घेऊन बसला. धरणात सुमारे साडेतेरा कोटी घनमीटर पाणी, असं लिहिलं होतं. त्याने ते टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, केलं. आमच्याकडची मुलं हा हिशोब झोपेतही करतात. पावणेपाच टीएमसी. त्याने मान वर केली. "मॅडम, एवढंच? कण्हेर दहाचं आहे. धोम साडेतेराचं. कोयना एकशे पाच." मग नकाशावर धरणाच्या शेजारी त्याने "कोयना" लिहिलं. खालच्या नेहाइम गावाशेजारी "कराड". पुढे नदीच्या रेषेवर एकेक नाव घालत आला. आपल्या गावाशी आल्यावर पेन्सिल थांबली.

नेहाइमजवळ सक्तीने आणलेल्या मजूर बायकांची छावणी होती. बऱ्याच युक्रेनमधून धरून आणलेल्या, म्हणजे ब्रिटनच्या मित्रदेशाच्या. त्या रात्री पाण्यात मेलेल्या सुमारे १,३०० माणसांपैकी निम्म्याहून अधिक या बायका आणि युद्धकैदी होते. धरण शरदापर्यंत पुन्हा बांधून झालं. त्याने हे दोनदा वाचलं. "कुलूप होतं का छावणीला?" त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. तो पुढे बोलला नाही. उत्तर गटातल्या दुसऱ्यांनी वाचून दाखवलं.

मग सुभेदार उभे राहिले. तिसरा प्रश्न का घालायला सांगितला ते त्यांनी सांगितलं. पूर्व बंगालातलं एक गाव, मध्ये पक्की इमारत, तिच्यात मशीनगन. आजूबाजूला झोपड्या आणि त्यांत माणसं. तोफखान्याला मागणी गेली होती, निशाण बांधलेलं होतं. कंपनी कमांडरने थांबवलं. पुकूरच्या, म्हणजे तळ्याच्या, कडेने लोक सरपटत बाहेर पडेपर्यंत पाऊण तास. त्या पाऊण तासात सुभेदारांच्या शेजारचा जवान गेला. शेजारच्या तालुक्यातला.

एका मुलाने विचारलं, "साहेबांनी थांबवलं ते बरोबर होतं का, आबा?"

बराच वेळ गेला. "शेवटाला एक म्हातारी निघाली, शेळी कडेवर घेऊन. चालता येईना तिला. ती मला अजून दिसती. तो पण दिसतो. दोघंबी दिसतात." आणि बसले.

निष्पत्ती

मुलांच्या लेखी उत्तरांतून मला जे दिसलं ते टाळ्यांतून कधीच दिसलं नसतं. सरसकट "हो" कुणाचं नव्हतं आणि सरसकट "नाही" फक्त तिघांचं. बाकीच्यांनी कुठे तरी रेघ ओढली होती, प्रत्येकाची वेगळ्या जागी.

कायदाही अशीच रेघ ओढत आला आहे. न्यूरेंबर्गला शहरांवरच्या बॉम्बफेकीसाठी कुणाला शिक्षा झाली नाही. दोन्ही बाजूंनी ती केली होती. टोकियो खटल्यात भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी आपल्या भिन्नमत निकालपत्रात अणुबॉम्बच्या निर्णयावर बोट ठेवलं. नागरिकांवर हल्ला नको, आणि फुटल्यावर माणसं वाहून जातील अशी धरणं फोडायला नकोत, हे जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात स्पष्ट लिहिलं गेलं. १९४९ चे चार मूळ करार भारताने मान्य केले आहेत, हा पूरक करार केलेला नाही. मुलांना मी तेही सांगितलं.

कराचीवाल्या मुलाने चार दिवसांनी कागद आणून दिला. त्याने मत फिरवलं असं म्हणता येणार नाही. त्याने लिहिलं होतं: लष्करी तळ हो, विमानतळ हो, वीजकेंद्र हो पण आधी इशारा देऊन, धरण नाही, शहर नाही. खाली कंसात: "कराचीबद्दल बोललो ते टाळ्यांसाठी बोललो." तो डिसेंबरात भरतीच्या तयारीला लागला. त्यात मला विसंगती वाटत नाही. असा मुलगा फौजेत असावा असंच मला वाटतं.

मात्र त्या चार दिवसांच्या मध्ये त्याच्या आईचा फोन आला होता. "पोरगं रात्री उठून बसतंय. पाऊस वाजला की खिडकीत जातंय. सहा वर्षं झाली, आम्ही घरात पुराचं नाव काढत नाही. तुम्ही कशाला काढलं?"

ती मुलगी वार्षिक परीक्षेपर्यंत त्या ग्रुपवर परत आली नाही. माफी मागितलेल्या दोघांशी ती बोलते. तिच्या वडिलांनी मला दुकानातून वही घेताना पैसे घेतले नाहीत. मी ते ठेवून आले.

पुन्हा करताना

विषयातला "कधीही" काढेन, हे सोपं. प्राथमिक फेरीत गोंधळ झाला त्या क्षणी थांबेन. ग्रुपवर काय चाललंय हे चार दिवसांनी कळतं, याचा अर्थ वर्गातल्या कुणालाही मला सांगावंसं वाटलं नाही. ते नातं आधी बांधावं लागेल. मुलीच्या वडिलांना मी परवानगी मागायला भेटले, सल्ला विचारायला भेटले नाही. गावात राहायचं त्यांना आहे, हे त्यांचं वाक्य मी अडथळा म्हणून ऐकलं. खरं तर ती माहिती होती.

पण सगळ्यात जास्त मला धरणाची फाइल छळते. त्या मुलाला ती मी निवडून दिली. मनात हिशोब होता की याने पूर पाहिला आहे, याला कळेल. कळलंही. तरी मी एका मुलाच्या जुन्या भीतीचा वापर केला, त्याला न विचारता, चांगल्या उद्देशासाठी. त्याला त्रास व्हावा असं माझ्या मनात नव्हतं, मत हलावं एवढंच होतं. त्रास होणार हे मात्र दिसत होतं. "माणसं मारायची नव्हती, धरण फोडायचं होतं" हे त्याचं वाक्य मी सभागृहात ऐकलं तेव्हा मला ते चुकीचं वाटलं होतं. त्याच्या आईच्या फोननंतर ते मला वेगळं ऐकू आलं.

मी त्यांच्या घरी गेले. आईची माफी मागितली, मग त्याची, त्याच्यासमोर. तो म्हणाला, "तुम्ही विचारलं असतं तरी मी तीच फाइल घेतली असती." असेलही. पण विचारायला हवं होतं.

या वर्षी फाइली वाटायच्या आधी मुलांनाच यादी दाखवणार आहे, आणि कुठली नको ते कारण न देता सांगायची मुभा असेल. सुभेदारांनी येतो म्हणून सांगितलं आहे. त्यांनी एवढंच विचारलं, त्या मुलीला या खेपेला स्टेजवर बोलू देणार का? ती आता कॉलेजात नाही, पण मी तिला निरोप पाठवला आहे.